सेनेबकाय: तर्कापलीकडचा पुरावा

सेनेबकाय हा प्राचीन इजिप्तचा राजा म्हणजे अभ्यासकांचा निव्वळ तर्क आहे, असे एक मत मांडले जाते; पण ते २०१४ नंतर टिकणारे नाही. त्या वर्षी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जोसेफ वेग्नर यांच्या चमूला इजिप्तमधील अबायडोस येथे त्याची लुटलेली कबर सापडली आणि तिच्या रंगवलेल्या भिंतींवर, राजनामाच्या लंबगोल चौकटीत, त्याचे नाव स्पष्ट वाचता आले. मृतदेहातून काढलेल्या अवयवांच्या बरण्या ठेवण्याच्या पेटीचे सिडारचे लाकूड मात्र आधीच्या सोबेकहोतेप राजाच्या कबरीतून उचललेले होते, इ.स.पू. १६५०च्या सुमारास सेनेबकायच्या राज्याची किती ओढाताण होत असावी, हे त्यावरून कळते. शिवाय सांगाड्यावर १८ जखमा आहेत. पायाघोट्यांवरचे वार आणि कवटीवरचे कुऱ्हाडीचे घाव पाहता, घोड्यावरून किंवा रथावरून खाली खेचून त्याला मारले असावे, हा संशोधकांचा निष्कर्ष मला पटण्याजोगा वाटतो.