पत्र्याच्या खोलीत पीएस ५ मे महिन्यात तग धरेल का?

धोटा_सोलापूर

नमस्कार मंडळी. पीएस ५, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा डबा (कन्सोल), घ्यायचा विचार आहे. प्रश्न एका ओळीचा आहे, पण नुसता विचारला तर "एसी घे की" एवढंच उत्तर येईल, म्हणून जरा लांबण लावतो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिझाइनला आहे. जॅकार्डचं, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवायचं काम. दिवसभर स्क्रीनवर चौकटी भरायच्या आणि घरी आलं की परत स्क्रीन. अम्माचं म्हणणं, "पगार देणाऱ्या स्क्रीनसमोर जांभया देतोस, आणि पैसे खाणाऱ्या स्क्रीनसमोर रात्र काढतोस." तिचं खरंय. आमच्या खात्यात पूर्वी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असायची. भोक असेल तर दोरा वर, नसेल तर खाली. म्हणजे शून्य-एकच की ओ. त्यामुळे हा नाद मला घरातनंच लागलाय असं मी तिला सांगतो. पटत नाही.

घर पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत. खाली अम्मा आणि वडील, वर माझी दहा बाय बाराची एक खोली, तिच्यावर पत्रा. शेजारी चार मागांची शेड.

याड तसं 'कल्की २८९८ एडी'पासून वाढलं. २७ जून २०२४ ला आला तो पिक्चर. तेलुगूतच बघायचा होता, आणि आमच्या भागात तेलुगू पिक्चरची गर्दी काय असते ते सोलापूरकरांना सांगायला नको. मी तीनदा गेलो, त्यातलं एकदा अम्माला घेऊन. ती प्रभाससाठी आली होती, पण अमिताभचा अश्वत्थामा उभा राहिला तशी हातातले खारे शेंगदाणे विसरून गेली. मी मात्र त्या बुज्जी गाडीत अडकलो. सहा टनांची, खरंच चालणारी गाडी, कोइम्बतूरला बनवलेली! पुढं दोन चाकं, मागं एकच गोल गरगरीत. मी तर समजत होतो सगळं ग्राफिक्स असणार. त्या दिवसापासून पिक्चर कसा केला, कुठला आवाज कुठून आला, यातच डोकं फिरतंय.

मग गेल्या दिवाळीत हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला आतेभावाकडं गेलो. त्याच्याकडं पीएस ५. 'ॲस्ट्रोज प्लेरूम' नावाचा गेम त्यात आधीपासून भरलेला येतो, फुकट. तो लावून कंट्रोलर माझ्या हातात दिला. वाळूत चाललं की वाळू हाताला लागते, पाऊस पडला की थेंब टोचतात, आणि बोटाखालचा ट्रिगर मध्येच कडक होतो. वडील बत्तीस वर्षं यंत्रमागावर होते. लहानपणी डबा घेऊन गेलो की ते माझा तळहात मागाच्या चौकटीवर ठेवायचे. धोटा, म्हणजे आडवा दोरा नेणारी नळी, इकडनं तिकडं गेला की डोळे मिटूनही कळायचं. वीस वर्षांनी तसलं काहीतरी परत हाताला लागलं. आतेभाऊ म्हणाला, "गेम खेळ की बे, डोळे काय मिटतोस!"

आता अडचण. गेल्या मेमध्ये जुना गेमिंग लॅपटॉप घेतला होता. दुपारी तीनला 'एल्डन रिंग' लावला, मोठा राक्षस मरायला दोन घाव बाकी, आणि लॅपटॉप धाडकन बंद. भिंतीवरचं डिजिटल तापमान ४१.६ दाखवत होतं. खोलीतलं बरं का, बाहेरचं नाही. दुरुस्तीला उघडला तर पंख्यापाशी कापसाच्या तंतूंची गोधडी निघाली. शेजारच्या मागांची कृपा.

पीएस ५ च्या कागदावर लिहिलंय, ५ ते ३५ अंशांत वापरा. आमच्याकडं ३५ म्हणजे गुलाबी थंडी. शिवाय लाईट दिवसातनं तीन-चारदा डोळा मारते. साठवलेत अठ्ठेचाळीस हजार. स्लिम मॉडेल एप्रिल २०२४ मध्ये आलं तेव्हा डिस्कवालं ५४,९९० आणि बिनडिस्कचं ४४,९९० होतं. घेऊ का? का दुसरंच काही बघू? मित्र म्हणतात प्रोजेक्टर घे, गच्चीवर पिक्चर लावू. मित्रांचं काय, वर्गणी काढायची वेळ आली की गावाला जातात.

पुण्यातला_सोलापूरकर

कन्सोल विसर, हँडहेल्ड घे, म्हणजे स्क्रीनसकट हातात धरून खेळायचं यंत्र. माझ्याकडं स्टीम डेक ओलेड आहे. ७.४ इंची स्क्रीन, ५० वॉट-तासांची बॅटरी. लाईट गेली तरी गेमला पत्ता लागत नाही. त्यातला मुख्य प्रोसेसर जास्तीत जास्त १५ वॉट खातो. पीएस ५ मोठा गेम चालू असताना २०० च्या आसपास जातो. दहा बाय बाराच्या खोलीत जुने शंभरचे दोन बल्ब दिवसभर पेटवून बसल्यासारखं आहे ते. आधीच तुझी भट्टी, त्यात तू निखारे टाकणार.

आणि रोज राक्षसच कशाला मारायचे? मी सध्या 'बलाट्रो' खेळतोय. पत्त्यांचा गेम, एकाच माणसानं बनवलेला. बॅटरी संपत नाही, सुट्टी संपते.

एक खोट सांगतो. हे यंत्र भारतात अधिकृत विकत नाहीत. बाहेरनं मागवलेलं मिळतं, बिघडलं तर दाद मागायला जागा नाही.

प्रोजेक्टरबद्दल: जाहिरातीतले 'नऊ हजार लुमेन' वाचून भुलू नको, एएनएसआय लुमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड, किती ते विचार. शंभर इंची चित्र म्हणजे २२१ सेंटीमीटर रुंद आणि १२५ उंच. १.२ थ्रोचा (म्हणजे चित्राच्या रुंदीच्या १.२ पट लांब ठेवायचा) प्रोजेक्टर असेल तर भिंतीपासून २ मीटर ६५ लांब ठेवावा लागतो. तुझ्या खोलीत बसेल, पण दुपारी पत्र्याच्या फटीतनं ऊन येतं का ते बघ. आणि पडदा म्हणून सोलापुरी चादर टांगू नको, हिरोच्या तोंडावर मोर उमटेल.

धोटा_सोलापूर

चादरीचं माझ्या डोक्यात आलं होतं, कबूल.

पण स्टीम डेकवाल्यांनीही ० ते ३५ अंशच सांगितलंय. २०२२ च्या जुलैत युरोप तापला होता तेव्हा त्यांनी स्वतः जाहीर केलं होतं, प्रोसेसर १०० अंशांवर गेला की वेग कमी करतो आणि १०५ वर बंद पडतो म्हणून. म्हणजे पत्रा काही सुटत नाही. आणि तो ट्रिगर नाही ना त्यात. माझं सगळं घोडं तिथंच अडलंय.

लका_गेमर

लका एवढं काय लिवतोस, पुस्तक काढ. एक्सबॉक्स सिरीज एस घे, लहान डबा, कमी करंट, कमी तापतो. डिस्क नाही त्यात, पण तुला डिस्क कशाला पाहिजे?

धोटा_सोलापूर

डिस्क पाहिजेच ओ. नवा गेम चार-पाच हजाराला. डिस्क असली की खेळून झाल्यावर विकता येते, नाहीतर मित्राशी अदलाबदल. डाउनलोड केलेला गेम कुणाला द्यायचा? वर पीएस ५ ची डिस्क असेल तर फोर-के ब्लू-रेवर पिक्चरही बघता येतो, ते याड वेगळंच.

बॅटरीवाला_होटगी_रोड

भाऊ, मी गेमवाला नाही. इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. माझा पोरगा खेळतो, त्यामुळं हे दुखणं घरचंच आहे.

तुमच्याकडं इन्व्हर्टर असेल तर मागं बघा, एक खटका असतो. एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल नाहीतर इको. बहुतेक घरात तो नॉर्मलवर असतो, कारण फॅन-ट्यूबला फरक पडत नाही. नॉर्मलवर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जरा जास्त वेळ लागतो. डोळ्याला दिसत नाही, पण कन्सोल तेवढ्यात झोपतो. यूपीएसवर टाकलं की बदल दहा-वीस मिलीसेकंदात होतो, बहुतेक वेळा गेम चालू राहतो. पण त्याची दुसरी बाजू ऐका. यूपीएसवर असताना व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाईन सोडून बॅटरीवर येतो. तुमच्या भागात उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, त्यामुळं लाईट असूनही बॅटरी संपेल. म्हणून खेळताना यूपीएस आणि झोपताना नॉर्मल. खटकाच तर आहे, पोरासारखं रोज सांगावं लागत नाही त्याला.

इन्व्हर्टर साईन वेव्हचाच घ्या, म्हणजे घरच्या लाईटसारखा करंट देणारा. स्क्वेअर वेव्हच्या नादाला लागू नका.

हिशेब: १५० ॲम्पिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. तोटा-नुकसान धरून हातात अकराशेच्या आसपास. कन्सोल २००, ४३ इंची टीव्ही ८०-९०, साधा पंखा ७५. नव्या बॅटरीवर तीन तास धरा. पंखा बीएलडीसी घेतला तर तो तीसच वॉट खातो, तेवढीच एक लेव्हल जास्त.

आणि मशीन रेस्ट मोडमध्ये झोपवून कामाला जाऊ नका. मध्ये लाईट गेली की पुढच्या वेळी "नीट बंद केलं नव्हतं" म्हणून ओरडतो आणि आतली मेमरी तपासत बसतो. पूर्ण बंद करायचा.

निवृत्त_बाई_जुळे_सोलापूर

बाळ, मी एकतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. पीएस ५ मला फक्त नातवाच्या हट्टापुरता माहीत आहे, पण तुझा प्रश्न पीएस ५ चा नाहीच. तो पत्र्याचा आहे.

आतल्या चिपची उष्णता पंख्याच्या हवेत जाते, आणि ती किती जाते हे चिप नि हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. खोली दहा अंशांनी तापली की तेवढ्याच कामाला चिपही साधारण दहा अंशांनी वर जाते. पंखा जोरात फिरून थोडं सावरतो, म्हणून आवाज वाढतो. तू यंत्र कुठलंही आण, ते या हिशेबातून सुटणार नाही.

आता कूलर. सोलापूरचं ऊन कोरडं, म्हणून इथे कूलर मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो. आमच्याकडे दुपारी ४१ चं ३१ होतं. पण खिडकी उघडी ठेवायची, दमट हवा बाहेर गेली पाहिजे. आणि तोंड यंत्राकडे करायचं नाही, तुझ्याकडे करायचं.

सगळ्यात आधी मात्र पत्र्यावर चुना मार. गंजका काळपट पत्रा ऊन पितो, पांढरा पत्रा बरंचसं परत पाठवतो. पत्रा धुऊन घे. चुना आदल्या रात्री भिजत घाल, भिजवताना तोंड लांब ठेव, डोळ्यांना चष्मा लाव. त्यात चिकटायला सुतारकामाचा डिंक घाल आणि ऊन उतरल्यावर दोन हात दे. पावसात धुऊन जाईल, जाऊ दे, तेव्हा लागत नाही. पाचशे रुपयांच्या आत होईल. अठ्ठेचाळीस हजारांचं यंत्र आणायच्या आधी एवढं कर आणि तापमान लिहून ठेव. आधीचं आणि नंतरचं, एकाच वेळेचं. दोन्ही आकडे इथे लिही, मी तपासणार आहे.

पुण्यातला_सोलापूरकर

बाईंपुढं मी गप्प. फक्त एक: कन्सोल शोकेसमध्ये कोंबू नको, चारी बाजूंनी दहा सेंटीमीटर जागा सोड. बाजूची पाटी स्क्रूशिवाय निघते. तुझ्या शेजारी माग आहेत, तर दर पंधरवड्याला काढून व्हॅक्यूमनं तंतू ओढून घे. ब्लोअरनं फुंकलास तर गोधडी आत जाईल.

धोटा_सोलापूर

तीन आठवड्यांनी परत आलोय. बाई, वही आणलीय.

चुना मारण्याआधी, दुपारी तीन, सलग चार दिवस: ४०.९, ४१.२, ४१.८, ४१.३. चुन्यानंतर, तीच वेळ, चार दिवस: ३७.६, ३७.१, ३८.०, ३७.४. बाहेर दोन्ही वेळा ४२-४३ च. कूलर लावल्यावर ३१ ते ३२. रात्री एकला कूलरशिवाय ३१. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा, कारण आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं, तेही अवेळी. पाण्याच्या रात्री मी तसाही जागाच असतो. खरं खेळणं तेव्हाच होतं. नळ सूं करायला लागला की पॉज.

चुना मारताना अम्मा खालनं बघत होती. शेजारणीला तेलुगूत म्हणाली, पोरगं पहिल्यांदाच घराला रंग देतंय, आता सून येणार बहुतेक. आला डबा.

डिस्कवालाच घेतला, कमी पडलेले पैसे सोसायटीतनं उचलले. बॅटरीवाले मालक, खटका नॉर्मलवरच होता, तुम्ही म्हणालात तसाच. यूपीएसवर टाकल्यापासून सात-आठ वेळा लाईट गेली, गेम एकदाही पडला नाही. संध्याकाळी बॅटरी उतरते, तेही तुम्ही म्हणालात तसंच. पंधरवड्यानं पाटी काढली तर तंतू निघालेच, पण गोधडी नाही, रुमालाएवढे.

परवा वडिलांना वर बोलावलं. जिना चढून आले, कूलरसमोर बसले. 'ॲस्ट्रोज प्लेरूम' लावून कंट्रोलर हातात दिला. स्क्रीनकडं बघितलंच नाही त्यांनी, नुसतं हाताकडं बघत होते. पाऊस आला, वाळू आली, काही बोलले नाहीत. मग ट्रिगर कडक झाला. दोनदा दाबून बघितला, कानाशी नेला आणि माझ्याकडं परत दिला.

"तेल मागतोय," म्हणाले.