डेल्फ्टला शिकायला चालले आहे, रोजच्या जगण्याबद्दल सल्ला हवा

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. ऑगस्टअखेर एम.एस्सी.साठी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला जाते आहे. व्हिसा आणि फीचं मार्गी लागलंय. खोली विद्यार्थी वसाहतीत मिळाली आहे, स्वयंपाकघर सामाईक आणि बाकीची मुलं-मुली बहुतेक डच. मी शाकाहारी, अंडं चालतं. सांगलीत शाळेत असताना सायकल चालवायचे, त्यानंतर स्कूटीच.

नियम विद्यापीठाने कळवले आहेत. मला तिथे राहिलेल्यांकडून ऐकायचंय. भाजी-डाळ कुठून आणता? सायकल विकत घेऊ की भाड्याने? आजारी पडलं तर कुणाकडे जायचं? आणि या लोकांशी ओळख कशी वाढते? शेवटच्या प्रश्नाची खरं तर सगळ्यात जास्त धाकधूक आहे.

पोफळी

अभिनंदन गं! मी डेल्फ्टलाच शिकले, आता शेजारी द हेगला नोकरी करते.

आधी कागदपत्रं, कारण बाकी सगळं त्यावर अडतं. पोहोचल्यावर पाच दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करायची. तिथून बीएसएन, म्हणजे तुझा सरकारी ओळख क्रमांक, मिळतो; बँक खातं, पगार, विमा सगळीकडे तोच लागतो. जन्मदाखला इंग्रजीत असलेला आण आणि त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का, करून घे. आधी राज्य शासनाची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, त्यामुळे आजच कामाला लाग. भारतातून येणाऱ्यांना तीन महिन्यांच्या आत क्षयरोगाची तपासणीही करावी लागते, तिची वेळ आल्या आल्या ठरवून टाक.

आता खाणं. रोजचं सामान आल्बर्ट हाइन या सुपरमार्केटपेक्षा लिडलमध्ये स्वस्त पडतं. डेल्फ्टच्या मुख्य चौकात, न्यूवे केर्क या चर्चसमोर, दर गुरुवारी बाजार भरतो. पण आपल्या भाज्यांसाठी द हेगचा मोठा बाजार गाठायचा: हागसे मार्क्ट, सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. डेल्फ्टहून एक नंबरची ट्राम द हेगला येते. तिथे कारली, भेंडी, चवळीच्या लांब शेंगा, हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीच्या जुड्या सगळं मिळतं, कारण या शहरात सुरिनामी हिंदुस्थानी समाज मोठा आहे. १८७३ पासून उत्तर प्रदेश-बिहारकडची माणसं मजूर म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत नेली गेली आणि १९७५ ला तो देश स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांच्यातले कितीतरी जण इकडे आले. पाउल क्रूखरलानवरच्या दुकानांत तूरडाळ, कणीक, मसाले मिळतील. त्यांची रोटीची खानावळ दिसली तर जरूर जा. बटाटा, शेंगांची भाजी आणि आत डाळ भरलेली रोटी खाताना मला पहिल्यांदा या देशात घरचं वाटलं होतं.

दुकानातलं 'कार्नेमेल्क' म्हणजे ताक, त्याची कढी उत्तम होते. चीज घेताना मात्र वेष्टन वाच. बऱ्याच डच चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) असतं. 'वेखेटारिस स्ट्रेमसेल', म्हणजे शाकाहारी रेनेट, लिहिलेलं घे. नळाचं पाणी बिनधास्त पी.

उलटावारा

सायकलचं मी सांगतो. पहिले काही महिने भाड्याची घे. निळ्या पुढच्या टायरच्या स्वॉपफीट्स सगळीकडे दिसतील; ती कंपनी २०१४ मध्ये डेल्फ्टमध्येच सुरू झाली. महिन्याचं भाडं द्यायचं, बिघाड झाला की दुरुस्ती त्यांची. हात बसला की जुनी सायकल विकत घे, पण दुकानातून आणि पावती घेऊन. रस्त्यावर कुणी फार स्वस्तात देत असेल तर ती चोरीची असण्याची शक्यता मोठी, आणि तशी सायकल घेणं हाही गुन्हा आहे. कुलपं दोन हवीत. एक चाकाचं, दुसरी जाड साखळी खांबाला.

तुझी सवय मोडायला वेळ लागेल ती दोन ठिकाणी. एक, वाहतूक उजवीकडून. दुसरं, बऱ्याच साध्या सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पेडल उलटं दाबलं की चाक थांबतं. शाळेतल्यासारखी पेडल मागे फिरवत राहिलीस तर जागच्या जागी थांबशील! रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची टोकं तुझ्याकडे असली तर थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं. काहीच खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला. ट्रामचे रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांड, चाक अडकलं की माणूस आडवा होतो. वळताना हात दाखव. फोन हातात धरून चालवणं १ जुलै २०१९ पासून बेकायदा आहे. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवाच.

सराव रविवारी सकाळी डेल्फ्टसे हाउटमध्ये कर. तळ्याकाठचे रस्ते आहेत, गर्दी नसते. छत्री आणू नकोस, वाऱ्यापुढे टिकत नाही. पावसाळी पँट आणि जाकीट इथेच घे. फोनवर 'बाउएनराडार' टाक, पुढच्या तासा-दोन तासांचा पाऊस कळतो आणि त्या अंदाजाने निघता येतं.

शुश्रूषा

आजारपणाबद्दल. घराजवळच्या 'हाउसआर्त्स'कडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, बरी असतानाच नाव नोंदव. इथे थेट स्पेशालिस्ट गाठता येत नाही, वाट या डॉक्टरांकडूनच जाते. फोन केलास की आधी डॉक्टरांचे मदतनीस प्रश्न विचारतात. तेव्हा संकोच करू नकोस. किती दिवस, किती ताप, नेमकी कशाची भीती वाटते, हे स्पष्ट सांग. आपल्याकडे डॉक्टर चेहरा पाहून ओळखतात, इथे तू बोलशील तेवढंच ते धरतात. साध्या तापाला पॅरासिटामॉल आणि विश्रांतीच सांगतील, त्याने खचू नकोस. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी 'हाउसआर्त्सेनपोस्ट'ला, म्हणजे अशा वेळी चालू असणाऱ्या डॉक्टरांच्या केंद्राला, आधी फोन करायचा. जिवावरचं असेल तर ११२.

निघण्यापूर्वी दात तपासून घे आणि चष्म्याचा जादा जोड आण. प्रौढांच्या मूळ विम्यात हे दोन्ही सहसा येत नाही.

पोफळी

विम्याबद्दल मीही भर घालते. फक्त शिकत असशील तर विद्यार्थ्यांचा खासगी विमा चालतो. अर्धवेळ नोकरी धरलीस की डच मूळ विमा सक्तीचा होतो. कमाई कमी असेल तर हप्त्यासाठी सरकारी मदत मिळते, तिचा अर्ज कर. नोकरीला मालकाने परवाना काढावा लागतो आणि आठवड्याला १६ तासांची मर्यादा आहे, किंवा मग जून-जुलै-ऑगस्टमध्ये पूर्णवेळ.

आजोळ

तुझ्या शेवटच्या प्रश्नावर लिहायला आलो. मी इथे तरुणपणी आलो, आता मुलं इथेच मोठी झाली.

डच शेजारी मदतीला तत्पर असतात, पण आपणहून तुला बोलावतील याची वाट पाहत बसू नकोस. इथे मैत्री ठरलेल्या वेळेवर वाढते. "कधीतरी भेटू" म्हणालीस तर ते कधीच होत नाही, "पुढच्या मंगळवारी चार वाजता कॉफी?" म्हणालीस तर वही काढून लिहून घेतील आणि चार वाजता दारात असतील. न कळवता कुणाकडे जाऊ नये, आणि जेवायला बोलावलं नसेल तर सहाच्या आत निघावं, कारण सहाला त्यांचं जेवण असतं.

तुझ्या घरात आळीपाळीने स्वयंपाकाची यादी असेल. पहिल्याच आठवड्यात त्यात नाव घाल. पिठलं-भात कर, तिखट बाजूला ठेव. दुसरं कुणी स्वयंपाक करणार असेल त्या दिवशी तुला मांस नको, हे आधीच सरळ सांग. त्यांना याचा राग येत नाही, उलट न सांगता ताटात टाकून दिलेलं त्यांना कळत नाही. त्यांचं बोलणंही तसंच थेट असतं. "भांडी राहिलीत तुझी" म्हटलं म्हणजे भांडीच राहिलीत, मनात दुसरं काही नसतं.

वाढदिवसाला ज्याचा वाढदिवस असतो तोच केक आणतो, आणि त्याच्या आईवडिलांचंही अभिनंदन करायचं असतं. गोल करून बसलेल्या प्रत्येकाशी हात मिळवत जा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे जातं. मग भारताशी अंतर साडेतीनऐवजी साडेचार तासांचं होतं आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. तेव्हा खोलीत बसून घरी फोन करत राहावंसं वाटतं. त्याआधीच, सप्टेंबरात, दर आठवड्याचं एक काहीतरी लावून घे. विद्यापीठाचं खेळ आणि कलांचं केंद्र आहे, वाचनालयांत डच बोलायचे गट असतात. आपली मराठी मंडळी गणपतीला भेटतीलच, त्यांच्यात जरूर जा, पण फक्त त्यांच्यातच राहू नकोस पोरी.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, तुमचं वाचून खूप धीर आला. जन्मदाखल्याचं काम उद्याच सुरू करते. आता सामानाचं सांगा. आई कुकर आणि मिक्सर दोन्ही भरते आहे.

पोफळी

कुकर आण, पण इंडक्शनवर चालणारा. बुडाला लोहचुंबक चिकटतो का पाहा, नाहीतर बऱ्याच घरांतल्या शेगडीवर तो तापणारच नाही. जादा रिंग आणि शिटी ठेव. मिक्सर इथल्या विजेवर चालेल, व्होल्टेज जवळपास आपलंच आहे. मात्र तीन पिनांचा प्लग बसत नाही, जाड अ‍ॅडाप्टर हवा. जागा कमी असेल तर मिक्सर राहू दे, कुकर, गोडा मसाला आणि मेतकूट भर. डाळ-तांदूळ आणू नकोस.