अपघातांची संख्या घटली म्हणजे रस्ता सुरक्षित झाला असे समजावे का? (आंबेगाव–नऱ्हे सेवा रस्त्याबाबत मार्गदर्शन हवे)

आंबेगाव_रहिवासी

नमस्कार. मी कात्रज–देहूरोड बाह्यवळण मार्गालगत आंबेगाव बुद्रुक भागात राहते. आसपासच्या काही सोसायट्यांनी मिळून सेवा रस्त्यावरील अपघातांबाबत महापालिकेचे क्षेत्रीय कार्यालय आणि वाहतूक शाखा यांना निवेदन द्यायचे ठरवले आहे. मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पहिल्याच बैठकीत दोन मते पडली. काही जणांचे म्हणणे असे की शहरातील अपघातांची एकूण संख्या मागील काही वर्षांशी ताडून पाहिली तर परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. इतरांचे म्हणणे असे की संख्या काहीही असो, आता होणारे अपघात पूर्वीपेक्षा अधिक जीवघेणे आहेत. दोन्ही बाजूंकडे वर्तमानपत्रांची कात्रणे होती आणि दोन्ही बाजूंना ती पुरेशी वाटत होती.

आमच्या रस्त्याची स्थिती थोडक्यात सांगते. सकाळी शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले जिथे उभी राहतात, तिथे पदपथ अचानक संपतो आणि गटाराच्या झाकणाचा उंचवटा तेवढा उरतो. त्याच वेळी समोरून उलट दिशेने दुचाकी येत असतात, कारण नियमाने जायचे तर वळण्यासाठी बराच लांबचा वळसा पडतो. पलीकडच्या बाजूला जाण्यासाठी लोक दुभाजकाच्या तुटलेल्या भागातून ओलांडतात.

माझे प्रश्न दोन आहेत. अपघातांचे आकडे कसे वाचावेत म्हणजे आपली फसगत होणार नाही? आणि निवेदनात नेमके काय मागावे? सध्या बहुतेकांच्या तोंडी ‘गतिरोधक टाका’ ही एकच मागणी आहे.

आकडेमोड

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

पुण्याच्या बाबतीत ‘पूर्वीपेक्षा कमी’ किंवा ‘पूर्वीपेक्षा जास्त’ असे म्हणण्याआधी ‘पूर्वीचे पुणे’ आणि ‘आताचे पुणे’ यांची हद्द एकच आहे का, हे विचारायला हवे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि तोवर पुणे शहर पोलिसांकडे असलेली हिंजवडी, वाकड, निगडी यांसारखी ठाणी तिकडे गेली. अपघातांची नोंद पोलीस ठाण्यात होत असल्याने पुणे शहराच्या आकड्यांत त्या वर्षी जो उतार दिसेल, त्यातला काही भाग निव्वळ हद्दीच्या फेररचनेचा असणार. पुढे २०२१ मध्ये लोणी काळभोर आणि लोणीकंद ही ठाणी ग्रामीण पोलिसांकडून शहर आयुक्तालयात आली. पहिल्यातून सोलापूर महामार्ग जातो, दुसऱ्यातून नगर रस्ता. दोन्हींवर जड वाहतूक मोठी. त्यामुळे त्यानंतरच्या वाढीतही हद्दवाढीचा वाटा धरलाच पाहिजे. महापालिकेची हद्द वेगळ्याच गतीने वाढली. आपले आंबेगाव २०१७ मध्ये अकरा गावांबरोबर आले, तर नऱ्हे २०२१ मध्ये तेवीस गावांबरोबर. आपल्या बैठकीतील दोन्ही बाजूंची कात्रणे खरी असू शकतात आणि तरीही त्यांतून रस्त्याविषयी काहीच निष्पन्न होत नाही, असे घडू शकते.

दुसरा खड्डा २०२० या वर्षाचा आहे. टाळेबंदीत रस्ते ओस पडले होते, म्हणून त्या वर्षाला पाया मानले की पुढची प्रत्येक वाढ प्रचंड दिसते. देशभरात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली. हा आकडा भयंकर आहेच, त्याला आणखी भयंकर दाखवण्यासाठी २०२० शी तुलना करण्याची गरज नाही. करोनापूर्व वर्षांशी तुलना करावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘एकूण अपघात’ हा आकडा शक्यतो बाजूला ठेवा. किरकोळ धडक झाली की दोन्ही चालक रस्त्याच्या कडेला वाद घालतात, तडजोड करतात आणि निघून जातात. पोलिसांत जायचे की नाही हे विम्याचा दावा करायचा आहे का आणि ठाण्यात किती वेळ मोडेल यावर ठरते. अशी संख्या लोकांच्या सवयीबरोबर वरखाली होते. मृत्यू मात्र लपत नाही. म्हणून मृत्यू आणि गंभीर जखमी एवढेच आकडे धरावेत आणि तेही पायी चालणारे, दुचाकीस्वार, चारचाकीतील प्रवासी असे वेगळे करून मागावेत. देशात २०२२ मध्ये मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि सुमारे १९.५ टक्के पादचारी होते. म्हणजे जवळपास दोन तृतीयांश माणसांभोवती लोखंडाचे कवचच नव्हते. आपल्या सेवा रस्त्यावरील मुलांची गणना याच गटात होते, हे निवेदनात ठळकपणे लिहावे.

एक सावधगिरी. एका ठाण्याच्या हद्दीतील वार्षिक मृत्यू लहान संख्येत असतात. समजा वर्षाला सरासरी २५ मृत्यू होत असतील, तर रस्त्यात काहीही बदल न होता एखाद्या वर्षी १८ आणि पुढच्या वर्षी ३१ होणे हे केवळ योगायोगानेही शक्य आहे. म्हणून एका वर्षाच्या घटीवर कोणी स्वतःची पाठ थोपटत असेल तर त्याला विनम्रपणे तीन वर्षांची बेरीज विचारा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची अपघातप्रवण ठिकाणाची, म्हणजे ‘ब्लॅक स्पॉट’ची, व्याख्याही तीन वर्षांवरच आधारलेली आहे: राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे ५०० मीटरचा पट्टा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा एकूण दहा मृत्यू झाले.

रस्ता_अभियंता

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मी रस्त्यांच्या आराखड्याचे काम करतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

आपला सेवा रस्ता आणि मुख्य महामार्ग हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि एकाच निवेदनात त्यांची सरमिसळ झाली तर प्रत्येक यंत्रणा दुसरीकडे बोट दाखवेल. मुख्य मार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतो. सेवा रस्त्याची देखभाल कोणाकडे आहे, हे निवेदनाआधी लेखी विचारून घ्या.

मुख्य मार्गाची अडचण उताराची आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत गाडी सतत उतरत राहते. मालाने भरलेल्या ट्रकचा चालक डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलला टाकतो, तेव्हा इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि संपूर्ण भार ब्रेकवर येतो. ब्रेक सारखे दाबून ठेवले की ड्रम तापतात, लायनिंगची पकड सुटते आणि उताराच्या तळाशी, म्हणजे जिथे वस्ती आणि वाहने दाटतात तिथे, पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. जळक्या लायनिंगचा तो उग्र वास त्या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या ओळखीचा असेल. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका जड वाहनाने तिथे अनेक वाहनांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी कंटेनरच्या धडकेनंतर आग लागून आठ जणांचा जीव गेला. दोन्ही वेळी चर्चा चालकावर केंद्रित झाली. चालकाची जबाबदारी कोणी नाकारत नाही, परंतु ज्या रस्त्यावर वेगवेगळे चालक त्याच ठिकाणी त्याच प्रकारे नियंत्रण गमावतात, तिथे रस्त्याचीही चौकशी व्हायला हवी. जड वाहनांना उतार सुरू होण्याआधीच थांबवून कमी गिअरमध्ये पाठवणे, वेगाची सरासरी मोजणारे कॅमेरे बसवणे आणि उताराच्या तळाशी वाहतूक तुंबू न देणे, या मागण्या प्राधिकरणाकडे कराव्यात.

आता आपला सेवा रस्ता. तिथे प्रश्न वेगाचाच आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला समोर मूल दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर साधारण ४० मीटर लागतात. यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरलेला आहे. वेग ४० असेल तर हेच अंतर सुमारे २१ मीटरवर येते. याचा अर्थ असा की ४० च्या वेगाने येणारी गाडी जिथे थांबून उभी असेल, तिथून ६० च्या वेगाने येणारी गाडी जवळपास पूर्ण वेगात पुढे जात असते, कारण तिचे ब्रेक नुकतेच लागलेले असतात. हा हिशेब निवेदनाला जोडा. ‘वेग जास्त आहे’ या वाक्यापेक्षा त्याचा परिणाम होतो.

गतिरोधकाला माझा विरोध नाही, पण आपल्याकडे रातोरात डांबराचे जे अरुंद, उभे उंचवटे टाकले जातात त्यांना आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाईचा असावा. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने धक्का न बसता जाता येते. त्याआधी सूचना फलक आणि वर रंगाचे पट्टे हवेत. मुख्य महामार्गावर तो मागूच नये. तिथे तो स्वतःच अपघाताचे कारण ठरतो. सेवा रस्त्यावर मी उंचावलेले पादचारी ओलांड सुचवेन, म्हणजे झेब्रा पट्टे पदपथाच्या पातळीला आणायचे. त्यामुळे गतिरोधक आणि ओलांडण्याची जागा एकत्र होते. ते ओलांड लोक आज जिथून प्रत्यक्ष जातात तिथेच मागा. दुभाजकाचा तुटलेला भाग बुजवून पाव किलोमीटर अंतरावर पादचारी पूल दिला तर कोणी तो वापरणार नाही आणि मग दोष पुन्हा पादचाऱ्यावर येईल. उलट दिशेच्या दुचाकींचेही तसेच आहे. वळसा लांबचा आहे तोवर केवळ दंडाने त्या थांबणार नाहीत, जवळ सुरक्षित वळण द्यावेच लागेल.

सावली

मी अपघात विभागात परिचारिका आहे. वरची चर्चा अत्यंत उपयुक्त आहे. त्यात रुग्णालयाच्या बाजूने थोडी भर घालते.

पोलिसांच्या नोंदीत अपघातानंतर तीस दिवसांत झालेला मृत्यू ‘अपघाती मृत्यू’ धरला जातो. परंतु कमरेखालची संवेदना गेलेला किंवा डोक्याच्या मारामुळे घरच्यांची नावे विसरलेला तरुण फक्त ‘गंभीर जखमी’ या रकान्यात जातो, आणि त्याच रकान्यात हात मोडलेलाही असतो. म्हणून गंभीर जखमींचा आकडा घ्याच, पण त्यामागे किती वेगवेगळी आयुष्ये आहेत याची जाणीव निवेदनात असू द्या.

हेल्मेटबाबत पुण्यात वर्षानुवर्षे वाद चालला आहे. मी त्या वादात तटस्थ राहू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार योग्य प्रकारे घातलेल्या हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सहापटींहून अधिक घटू शकतो. यातला ‘योग्य प्रकारे’ हा भाग महत्त्वाचा आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या कित्येक जणांचे हेल्मेट नातेवाइकांच्या हातात अगदी धड असते. हनुवटीखालचा पट्टा लावलेलाच नसतो, आणि पहिल्या धक्क्यालाच ते डोक्यावरून निघून गेलेले असते. ‘गल्लीतच तर जायचे आहे’ म्हणून मागे बसलेली आई आणि पुढे टाकीवर बसलेले मूल यांच्या डोक्यावर तर काहीच नसते. सोसायटीच्या फलकावर पट्ट्याविषयी दोन ओळी लिहा.

आणखी एक. जखमीला मदत करताना लोक अजूनही पोलिसांच्या ससेमिऱ्याला घाबरतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ नुसार सद्‍भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी किंवा फौजदारी कारवाईपासून संरक्षण आहे, आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची केंद्राची योजनाही लागू आहे. १०८ ला दूरध्वनी करा, मान वळवू नका, हेल्मेट ओढून काढू नका.

आंबेगाव_रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. मसुद्याचा रोखच बदलला आहे. एक शंका उरते: ठाण्याकडे आकडे मागितले तर ‘उपलब्ध नाहीत’ असे उत्तर येईल, अशी भीती काही जणांना वाटते.

आकडेमोड

माहिती अधिकारात अर्ज करताना ‘अपघातांची माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नका. मागील तीन पूर्ण वर्षांतील मृत्यू आणि गंभीर दुखापतीच्या प्रत्येक गुन्ह्याची तारीख, वेळ, ठिकाण, वाहनाचा प्रकार आणि मृत वा जखमी व्यक्ती पादचारी होती की वाहनावर, एवढेच मागा. नावे मागू नका, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या कारणाने नकार येणार नाही. पोलीस ठाणी ही माहिती आता ई-डार या राष्ट्रीय संगणकीय प्रणालीत स्थळासह भरतात, त्यामुळे ती अस्तित्वातच नाही असे म्हणणे अवघड आहे. अर्जात त्या प्रणालीचा नावाने उल्लेख करा.

रस्ता_अभियंता

त्यासोबत मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ चाही उल्लेख असावा. रस्त्याचा आराखडा, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम फार मोठी नाही, परंतु पदपथ जिथे संपतो त्या जागेचे छायाचित्र, तारीख आणि हे कलम एकत्र आवक-जावक नोंदीत गेले की ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे पुढे कोणाला म्हणता येत नाही. निवेदनाची पोच शिक्क्यासह घ्या आणि संयुक्त पाहणीची तारीख लेखी मागा. पाहणी सकाळी शाळेच्या वेळेत ठेवा, दुपारी नको. दुपारी तो रस्ता मोकळाच दिसतो.