मदत हवी आहे: मॅन्युअल ॲक्शन नसताना लिंक डिसअव्हो कराव्यात का?

नमस्कार मंडळी. (डिसअव्हो म्हणजे ‘आमच्या साइटकडे येणाऱ्या या लिंक धरू नका’ असं गूगलला कळवणं; मॅन्युअल ॲक्शन म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून साइटवर केलेली कारवाई.) अंबड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटची साइट आहे. जुन्या एजन्सीने डिरेक्टऱ्या आणि जुगाराच्या साइटवरून विकतच्या लिंक लावल्यात, सगळ्यांचा अँकर टेक्स्ट (लिंकचे क्लिक करायचे शब्द) एकच: ‘शीट मेटल नाशिक’. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं टूल) मॅन्युअल ॲक्शन नाही, पण सर्चमधली सरासरी पोझिशन घसरतेय.

डिसअव्हो फाइल तयार आहे: यूटीएफ-८, एका ओळीत एकच डोमेन. सर्च कन्सोलमध्ये अख्खं डोमेन जोडलेलं असेल (डोमेन प्रॉपर्टी) तर डिसअव्हो टूल चालत नाही, म्हणून ठरावीक पत्त्याने सुरू होणारी यूआरएल-प्रीफिक्स प्रॉपर्टीही जोडली. अडचण अशी की गूगल असल्या लिंक बहुतेकदा आपणहून सोडून देतं, आणि यादीत चुकून एखादी चांगली लिंक गेली तर तोटा आपलाच.

फाइल चढवावी, की तोच वेळ सप्लायर-डीलरांच्या साइटवरून खऱ्या लिंक मिळवण्यात घालवावा? कुणाला प्रत्यक्ष फरक दिसलाय का? लिंकची पॅकेजं विकणाऱ्यांनी कृपया इनबॉक्समध्ये येऊ नये.