मदत हवी आहे: कॉस्टकोचं कार्ड कोणतं घ्यावं आणि 20 पौंड कणीक कशी टिकवावी?

मंडळी, अमेरिकेतल्या चौघांच्या कुटुंबासाठी कॉस्टकोच्या, म्हणजे फक्त सभासदांना मोठ्या मापात माल विकणाऱ्या दुकानांच्या, सभासदत्वाचा हिशेब मांडतोय. दोन ठिकाणी अडलंय.

गोल्ड स्टार कार्ड वर्षाला 65 डॉलर, एक्झिक्युटिव्ह 130. वरच्या 65 डॉलरच्या बदल्यात खरेदीचे 2 टक्के परत मिळतात. म्हणजे वर्षाला 3,250, महिन्याला साधारण 271 डॉलरची खरेदी झाली तरच फरक वसूल होतो. पेट्रोल यात धरत नाहीत, आणि बऱ्याच जणांचा हिशेब तिथेच चुकतो. त्याच पत्त्यावरच्या दुसऱ्या व्यक्तीला कार्ड फुकट मिळतं, त्यामुळे नवरा-बायकोने वेगळं सभासदत्व घेऊ नये. वर्षाच्या मध्येच एक्झिक्युटिव्हवरून गोल्ड स्टारवर आलेलं कोणी आहे का? जमलेले 2 टक्के हाती आले का?

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तांदूळ, साबण टिकतात. कणीक टिकत नाही. कोंड्यातल्या आणि अंकुरातल्या तेलामुळे ती खवट होते, शिवाय पोरकिडे. रोज 12 पोळ्या, पोळीला 30 ग्रॅम धरले तर 20 पौंडांची पिशवी, म्हणजे 9 किलो, पंचवीस दिवसांत संपते. आठवड्यातून दोनदाच पोळ्या होणाऱ्या घरात मात्र तीच तीन महिने पुरते.

म्हणून ती फ्रीझरमध्ये ठेवायची, पण गार असतानाच उघडली तर दमट होऊन गुठळ्या धरते. लहान फ्रीझर असलेले तुम्ही किती किलोचे भाग करता, आणि डब्यात ठेवता की झिपच्या पिशवीत?