लेझर केल्यावर नंबर किती वर्षं जातो? आमच्या फोंड्याच्या सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

बी-१०३ वहिनी: नमस्कार सगळ्यांना. एक विचारायचं होतं. आमच्या लेकीला लेझर करून चष्मा काढायचाय. वय २१. मार्गशीर्षात लग्न आहे, त्याआधी उरकून टाकू म्हणते. पण माझ्या जाऊबाई म्हणतात, दहा वर्षांनी नंबर परत येतो, कशाला पैसे घालवता? आपल्यात कोणी केलंय का? किती वर्षं टिकतं?

सी-२०४: माझ्या मावसभावाने केलंय. पाच वर्षं झाली, एकदम स्वच्छ दिसतं.

डी-१०२ ताई: आमच्या म्हापशाच्या शेजारणीला तीन वर्षांत परत चष्मा लागला. मी तर नको म्हणेन.

बी-३०१: नवीन तंत्र आहे हो, पुढे डोळ्यांचं काय होईल कोणाला ठाऊक.

ए-३०२ (मी): वहिनी, मी केलंय. २००५ साली, तेव्हा मी २४ वर्षांची होते. दोन्ही डोळ्यांना सहाच्या आसपास नंबर. वीस वर्षं होऊन गेली, आणि आजही कदंबा स्टँडवर येणाऱ्या बसची पाटी मी लांबूनच बिनचष्म्याची वाचते. पण गेल्या वर्षापासून माझ्या नाकावर चष्मा आहे. तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, आणि लिफ्टमध्ये निदान चौघींनी मला विचारलंय, "काय गं, लेझर उतरलं वाटतं?" म्हणून आज सविस्तर लिहिते. थोडं लांबेल.

लेझर उतरत नाही. तो काही भिंतीला दिलेला रंग नव्हे. डोळ्याच्या पुढची जी पारदर्शक काच, कॉर्निया, तिचा बाक लेझरने बदलतात. मायनस नंबर असेल तर मधला भाग अगदी सूक्ष्म झिजवून थोडा सपाट करतात. झिजवलेला तो थर पुन्हा वाढत नाही. म्हणून त्या कामापुरतं विचाराल तर ते कायमचं आहे. बदलतो तो बाकीचा डोळा, आणि वयाबरोबर तो बदलणारच.

माझंच सांगते. गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी मी अबोलीची फाती, म्हणजे फुलांची माळ, विणायला बसले होते. केळीच्या सोपटाचा धागा, एका बाजूला फुलांचं सूप, माझ्या हाताला लहानपणापासूनची सवय. आणि देठच दिसेना. फूल दिसतंय, केशरी रंग दिसतोय, पण धागा देठाभोवती कुठे फिरतोय ते धूसर. हात लांब नेला की स्पष्ट, जवळ आणला की परत धूसर. सासूबाई शेजारी बसून गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सुपाऱ्या निवडत होत्या. त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "चाळिशी लागली तुला."

चाळिशी म्हणजे डोळ्याच्या आतल्या भिंगाची लवचिकता जाणं. चाळीस-पंचेचाळिशीच्या सुमारास ती सगळ्यांनाच लागते, लेझर केलेल्यांनाही आणि जन्मात चष्मा न लावलेल्यांनाही. लेझर पुढच्या काचेवर झालेलं असतं. आतल्या भिंगाला त्याने हातही लावलेला नसतो, मग ते त्याची लवचिकता कशी राखणार?

डी-१०२ ताई: पण आमच्या शेजारणीला तर तीन वर्षांतच लागला आणि ती तिशीतली आहे. तिला चाळिशी कशी?

ए-१०१ सर: मी सरकारी दवाखान्यांत नेत्र सहाय्यक म्हणून नोकरी केली, म्हणून थोडं लिहितो. ताई, तीन वर्षांत नंबर आला तर मुख्यतः दोन कारणं संभवतात. एक, जखम भरताना कॉर्नियाच्या वरची पेशींची साय मधल्या भागात किंचित जाड होते आणि थोडा नंबर मागे येतो. मूळ नंबर जितका मोठा, तितकी ही शक्यता जास्त. यातलं बरंचसं पहिल्या वर्षाच्या आतच दिसून येतं. दुसरं कारण मला जास्त वेळा दिसलं: लेझर केलं तेव्हा नंबर थांबलेलाच नसतो. मायनस नंबर मुख्यतः डोळा लांब होत गेल्याने वाढतो. डोळा अजून लांबत असेल तर पुढची काच आज कितीही अचूक घडवा, उद्या नवीन नंबर उभा राहतो. मग दोष लेझरला लागतो.

ए-१०१ सर: वहिनी, मुलीचे मागच्या दोन-तीन वर्षांचे नंबर आहेत का?

बी-१०३ वहिनी: थांबा, चष्म्याच्या घरात चिठ्ठ्या असतील.

ए-१०१ सर: तोवर बी-३०१ यांना सांगतो. तंत्र नवीन नाही. या लेझरने शरीराची ऊती न भाजता नेमकी कापता येते हे १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं. ते काम करणाऱ्या तिघांत रंगस्वामी श्रीनिवासन होते, मद्रास विद्यापीठात शिकलेले. थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी तो पहिल्यांदा चालवून पाहिला. १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण, तो जाळत नाही, रेणूंचे बंधच तोडतो. माणसाच्या डोळ्यावर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वापरला गेला आणि अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, १९९५ मध्ये मान्यता दिली. म्हणजे तीस वर्षांपूर्वी लेझर केलेली माणसं आज आपल्यासमोर वावरत आहेत.

बी-३०१: हे माहीत नव्हतं सर. चांगली माहिती दिलीत.

सी-२०४: सर, त्यातही लॅसिक, स्माईल, पीआरके असे प्रकार सांगतात. जास्त कुठलं टिकतं?

ए-१०१ सर: टिकण्यात म्हणावा असा फरक नाही. फरक वाटेत आहे. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा पातळ पापुद्रा उचलून खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. स्माईलमध्ये आतल्या आत एक चकती कापून बारीक छेदातून बाहेर काढतात. पीआरकेमध्ये वरची साय काढून थेट वरूनच, ती साय चार-पाच दिवसांत नवीन येते, तोवर डोळे चुरचुरतात. लॅसिकचा पापुद्रा मात्र मूळच्या ताकदीने कधीच जुळत नाही. डोळ्यावर जोराचा मार बसला तर वर्षांनंतरही तो सरकल्याची उदाहरणं आहेत. कुस्ती, बॉक्सिंगवाल्यांना म्हणून पीआरके सुचवतात.

बी-१०३ वहिनी: सापडल्या चिठ्ठ्या. सव्वा वर्षापूर्वी दोन्ही डोळे मायनस ४.७५. आत्ता गेल्या महिन्यात उजवा ५.५०, डावा ५.२५.

ए-३०२ (मी): वहिनी, मग अजून थांबलेला नाही हो. सव्वा वर्षात उजव्याला पाऊण वाढलाय.

ए-१०१ सर: बरोबर. निदान वर्षभर नंबर जागचा हलता कामा नये, फार तर अर्ध्याच्या आत. नुसतं १८ वर्षं पूर्ण होणं पुरत नाही. आणखी एक विचारतो, राग मानू नका. मुलगी डोळे चोळते का?

बी-१०३ वहिनी: चोळते की! पावसात कपाटं उघडली की बुरशीचा वास, शिंका, डोळे लाल, मग मुठीने चोळत बसते. का हो?

ए-१०१ सर: सतत चोळणं आणि वाढता नंबर, विशेषतः सिलिंडरचा (कॉर्नियाचा बाक सगळीकडे सारखा नसल्याने येणारा), असं दिसलं की आधी केराटोकोनस नाही ना ते पाहावं लागतं. त्यात कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. अशा डोळ्यावर लेझर केलं तर तो आणखी कमजोर होतो. असेलच असं मी म्हणत नाही, घाबरू नका. पण टोपोग्राफी म्हणजे कॉर्नियाचा नकाशा आणि पॅकीमेट्री म्हणजे जाडी, या दोन तपासण्या नीट झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. लेन्स लावते का ती?

बी-१०३ वहिनी: हो, रोजच. कॉलेजला.

ए-१०१ सर: मग तपासणीआधी मऊ लेन्स निदान एक-दोन आठवडे बंद. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, मापं चुकतात. आणि चुकीच्या मापावर केलेलं काम "टिकलं नाही" असंच पुढे वाटतं. जाडीचा हिशेबही समजून घ्या. कॉर्निया साधारण ५४० मायक्रॉन, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. पापुद्रा सुमारे ११०. एका नंबरमागे अंदाजे १२ ते १५ मायक्रॉन झिजवावे लागतात, म्हणजे साडेपाचला ८० च्या आतबाहेर. खाली ३५० उरले. २५० च्या खाली कोणी जाऊ नये, आणि पुढे थोडा नंबर आलाच तर दुरुस्तीचा हात मारायला हीच शिल्लक लागते. म्हणून घाईने केलेल्या पहिल्या लेझरची किंमत दुसऱ्या वेळी मोजावी लागते.

डी-१०२ ताई: बाई गं. एवढं सगळं कोणी सांगतच नाही.

ए-३०२ (मी): आणि वहिनी, लग्न ठरलंय म्हणून उघडच बोलते. दिवस राहिले की आणि अंगावर पाजत असेपर्यंत संप्रेरकांनी नंबर थोडा इकडेतिकडे होऊ शकतो, त्या काळात लेझर करत नाहीत. म्हणून तिचं पुढचं दोन वर्षांचं नियोजन काय ते तिलाच विचारा. लग्नात चष्मा नको एवढंच असेल तर त्या दिवसांपुरत्या लेन्स आहेतच.

माझे पहिले सहा महिने डोळे कोरडे पडायचे, तेही सांगून ठेवते. तेव्हा मी पणजीला एसी ऑफिसात होते. दुपारी तीनच्या पुढे पापणी डोळ्यावर घासल्यासारखी व्हायची. थेंबांची बाटली ड्रॉवरमध्ये कायम. पुढे कमी झालं, पण पहिल्या महिन्यात मला रडू आलं होतं, कारण आधी कोणी बजावलं नव्हतं.

सी-२०१ काका: उशिरा वाचलं. मुद्दाम लिहितो, कारण हे माझ्यावर बेतलंय. मी १९९९ मध्ये मुंबईला लेझर केलं, मायनस सात होता. वीसहून जास्त वर्षं उत्तम. गेल्या वर्षी मोतीबिंदू झाला. तो कुणालाही होतो, लेझरमुळे झाला असं नाही. पण आत बसवायच्या भिंगाची पॉवर काढायला डॉक्टरांनी लेझरपूर्वीचे आकडे मागितले. ते माझ्याकडे नव्हते. जिथे केलं तो दवाखाना केव्हाच बंद झालेला. मी घर बदलताना ती फाईल रद्दीत घातली होती, म्हटलं नंबरच गेला, आता फाईल कशाला?

सी-२०१ काका: डॉक्टरांनी दोन-तीन पद्धतींनी हिशेब करून भिंग बसवलं, मेहनत घेतली. तरी एका डोळ्याला प्लस सव्वा राहिला. आज लांबचं पाहायलाही चष्मा लागतो.

बी-१०३ वहिनी: अरेरे काका. पण जुने आकडे कशाला लागतात?

ए-१०१ सर: कारण नेहमीचं मशीन कॉर्नियाच्या पुढच्या बाकावरून तिची ताकद काढतं, आणि लेझरने पुढचा बाक बदललाय, मागचा नाही. मशीनचं गणित मग चुकतं आणि भिंग कमी पॉवरचं निवडलं जातं. आता नवी सूत्रं आणि मशीन आहेत, जुने आकडे नसतानाही बरंच जमतं, पण आकडे हाताशी असले तर बरं. काचबिंदूचंही तसंच. कॉर्निया पातळ झाल्याने डोळ्याचा दाब मोजताना खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. जास्त असलेला दाब "नॉर्मल" म्हणून सुटू शकतो. म्हणून कुठल्याही नवीन डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य: माझं लेझर झालंय.

ए-१०१ सर: आणि मायनस नंबर गेला म्हणजे डोळा आखूड झाला असं नाही. डोळ्यातला मागचा पडदा, रेटिना, तितकाच ताणलेला असतो. वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासायचाच. अचानक पुष्कळ काळे ठिपके, वीज चमकल्यासारखं, किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे. उद्यावर टाकू नका.

ए-३०२ (मी): काकांचं वाचून मी आत्ता माळ्यावर चढले.

बी-१०३ वहिनी: लेकीला सगळं वाचायला दिलं. आधी गाल फुगवले, मग सरांचा जाडीचा हिशेब वहीत लिहून घेतला. सोमवारपासून लेन्स बंद. दोन आठवड्यांनी नकाशाची तपासणी करू, मग सहा-सहा महिन्यांनी नंबर बघू. तारीख आत्ता घेत नाही. जाऊबाईंनाही कळवलं. ए-३०२, तुमच्या फातीचं वाचून माझ्या आईची आठवण झाली. देव बरें करूं सगळ्यांचें.

सी-२०४: ए-३०२, मिळाली का फाईल?

ए-३०२ (मी): मिळाली. पितळी समयांच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. पिशवीला बाहेरून बुरशी, आतली पानं बरी आहेत. उजवा ६.२५, डावा ५.७५, जाडी ५४८ आणि ५५१. कॉर्नियाचा रंगीत नकाशा शाबूत आहे, पण बाकाचे आकडे त्या गुळगुळीत कागदाच्या पट्टीवर छापलेले, ते जवळजवळ उडालेत. चाळिशी लावून, बॅटरीचा उजेड तिरका धरून बसले तेव्हा वाचता आले. पेनने शेजारी लिहून ठेवलेत. फोटो काढून ह्यांना आणि मुलाला पाठवले.

सी-२०१ काका: झेरॉक्सही काढ गं. फोन बदलतात.

ए-३०२ (मी): हो काका. उद्या तिस्क्यावर जातेच आहे, दोन काढते.