प्रति: जेलीफिनसाठी स्टिक की शील्ड?

जेलीफिनसाठी (घरच्या सर्व्हरवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) टीव्हीला लावायची स्वस्तातली स्टिक घ्यावी की सरळ एनव्हिडिया शील्ड प्रो हा महागडा स्ट्रीमिंग बॉक्स, या तुमच्या प्रश्नात थोडी भर घालतो. आधी तुमच्या फाइली बघा. ४के ब्लू-रेवरून जशाच्या तशा उतरवलेल्या फाइलचा बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) मधूनच १०० एमबीपीएसच्या वर जातो, आणि बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट (नेटवर्क केबल लावायची जागा) तेवढ्यावरच अडतं. आमच्याकडे पडद्यावर धो धो पाऊस सुरू झाला, म्हणजेच बिटरेट चढला, की चित्र थांबायचं. मला सर्व्हरचाच संशय होता. केबल काढून टीव्ही ५ गिगाहर्ट्झ वायफायवर टाकला आणि अडखळणं थांबलं!

सबटायटलं तर नक्की तपासा. ब्लू-रेची पीजीएस सबटायटलं म्हणजे अक्षरं नसतात, चित्रं असतात. समोरच्या ॲपला ती दाखवता आली नाहीत तर जेलीफिन ती व्हिडिओवर छापतं, म्हणजे अख्खा सिनेमा चालता चालता नव्याने एन्कोड होतो. छोट्या सर्व्हरचा तिथेच दम निघतो.

२०१९ च्या शील्ड प्रोला गिगाबिट (१००० एमबीपीएसचं) पोर्ट आहे, ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रूएचडी आवाज ती आहे तसा एव्हीआरकडे (स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरकडे) पाठवते. एव्ही१ (व्हिडिओ साठवण्याची नवी पद्धत) मात्र तिच्या हार्डवेअरला जमत नाही. घरात एव्हीआर नसेल तर एवढा खर्च करू नका, एच.२६५ (४के ब्लू-रेच्या व्हिडिओची पद्धत) नीट चालवणारी साधी स्टिक पुरते.